क्वागाच्या कातड्याची साक्ष

१२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी मरण पावली. मान आणि पुढचे अंग झेब्र्यासारखे पट्टेदार, मागचे अंग मात्र घोड्यासारखे तपकिरी, असा तो दक्षिण आफ्रिकेतील क्वागा नावाचा प्राणी. आपल्या कुळातील ती शेवटचीच होती. परंतु त्या दिवशी ही गोष्ट कोणाच्याही ध्यानी आली नाही. दक्षिण आफ्रिकेत सगळ्याच झेब्र्यांना सर्रास 'क्वागा' म्हणण्याचा प्रघात होता. माळावर झेब्रे चरताना दिसत, म्हणजे क्वागाही सुखरूप आहेत, अशी समजूत राहिली. नावाच्या घोटाळ्यात एका प्राण्याचा अंत झाकला गेला.

पुढे पंडितांत वाद सुरू झाला. क्वागा ही स्वतंत्र जाती, की झेब्र्याचाच एक प्रकार, की घोड्याचा जवळचा आप्त? संग्रहालयांत उरलेली मोजकी कातडी आणि थोडी हाडे यांवरून निर्णय होईना.

हा निर्णय करण्याचे साधन त्या कातड्यांतच दडलेले होते. प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या क्रमाने त्यात जणू चार अक्षरांची पोथी लिहिलेली असते. निकटच्या जातींच्या पोथ्यांत पाठभेद थोडे, दूरच्या जातींच्या पोथ्यांत अधिक. जर्मनीतील माइन्झ येथील संग्रहालयात त्या वेळी सुमारे १४० वर्षे जुन्या असलेल्या एका क्वागाच्या कातड्याला सुकलेल्या मांसाचे कण चिकटून राहिले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसेल हिगुची, अ‍ॅलन विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांतून डीएनए वेगळा काढला, त्याचे तुकडे सूक्ष्मजंतूंत घालून वाढविले आणि २२९ अक्षरे वाचली. डोंगरी झेब्र्याच्या पाठाशी ताडून पाहता अवघ्या १२ ठिकाणी फरक आढळला. १९८४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. नामशेष झालेल्या प्राण्याची अक्षरे माणसाने वाचल्याचा तो पहिला प्रसंग होय. पुढील तपासात, विशेषतः २००५ सालच्या अभ्यासात, क्वागा हा माळावरच्या सामान्य झेब्र्याचाच एक पोटप्रकार होता, असे ठरले.

मात्र सूक्ष्मजंतूंकरवी तुकडे वाढविणे हे जिकिरीचे काम होते. ही अडचण कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचलेल्या पीसीआर पद्धतीने दूर केली. डीएनए सुमारे ९५ अंशांपर्यंत तापविला की त्याचे दोन धागे सुटे होतात. निवविला की, हव्या त्या भागाच्या दोन टोकांशी जुळणारे छोटे आरंभक तुकडे त्यांना चिकटतात. मग उन्हाळ्यातील, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातील, सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेले विकर प्रत्येक धाग्याची जोडी पुरी करते. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशी ३० आवर्तने झाली की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. या शोधाबद्दल मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी सुचविले की, प्राण्यांच्या ओळखीसाठी सर्वांनी एकाच जनुकातील सुमारे ६५० अक्षरांचा उतारा वाचावा. त्याच वर्षी हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील वर्मा आणि लालजी सिंह यांनी नानाविध प्राण्यांना चालणारे सामाईक आरंभक तुकडे प्रसिद्ध केले. त्यामुळे शिकाऱ्याकडे सापडलेल्या मांसाच्या तुकड्यावरूनही तो प्राणी कोणता, हे न्यायालयापुढे सांगता येऊ लागले.

तथापि वाचलेला उतारा एकटा मुकाच असतो. खात्रीने ओळखलेल्या नमुन्याशी ताडल्यावरच तो बोलू लागतो. म्हणून संग्रहालयातील धुळकट कातडे ही अडगळ नव्हे. क्वागाला त्याचे खरे नाव मिळाले, ते तो नाहीसा झाल्यावर शंभर वर्षांनी. ज्याचे नाव निश्चित नाही, त्याचे रक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही, हा धडा तो प्राणी मागे ठेवून गेला. आज जे प्राणी उरले आहेत, त्यांची नावे वेळेवर कळू शकतात, एवढा लाभ त्या सुकलेल्या कणांनी जगाला करून दिला.