एक शहर आणि दोन दप्तरें

मनुष्य आपला पत्ता सांगतांना शहराचें नांव सांगतो. सरकार मात्र त्याची नोंद शहराच्या नांवानें ठेवीलच असें नाहीं. गोष्ट लहानशी दिसते; परंतु एखाद्या घराण्याचा इतिहास शोधूं पाहणाऱ्यास ती किती हेलपाटे घालावयास लाविते, ह्याचा अनुभव मला अलीकडे घरबसल्या आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी विवाहानंतर अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत, अटलांटा शहरीं स्थायिक झाली आहे. तिच्या यजमानांचें घराणें चार पिढ्यांचें तेथलेंच. त्या घराण्यांत यजमानांच्या पणजीचें नांव कोणी काढीत नसे. 'ती घर सोडून गेली,' एवढें एकच वाक्य तिच्याविषयीं पिढ्यानुपिढ्या चालत आलें होतें. विद्यार्थिनीस वाटलें कीं, घटस्फोट झाला असेल तर त्याचा निवाडा असला पाहिजे, आणि निवाड्यांत दोन्ही बाजू असल्या पाहिजेत. तिनें शहरांतील कोर्टांत १९२० ते १९३० ह्या काळाच्या सूच्या तपासल्या. नांव सांपडलें नाहीं. तिनें मला लिहिलें, "सर, कागद नाहीं म्हणजे घटस्फोट झालाच नाहीं, असें समजावें काय?"

इतिहास शिकविणाऱ्यास हा प्रश्न नवा नाहीं. 'येथें कागद मिळाला नाहीं' आणि 'कागदच नाहीं' हीं दोन विधानें अगदीं भिन्न आहेत. आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याचा मोह थोरथोरांना आवरलेला नाहीं. मीं तिला उलट लिहिलें कीं, निवाडा शोधण्यापूर्वीं त्या शहराच्या जमिनीची वाटणी कसकशी झाली, तें आधीं पाहा.

अमेरिकेंत कौंटी हा आपल्याकडील जिल्ह्याच्या जागीं असलेला विभाग आहे. विवाहाचे परवाने, मृत्युपत्रें, जमिनीचीं खतें आणि कौटुंबिक तंटे ह्यांचें दप्तर कौंटीच्या ठाण्याच्या गांवीं असतें. शहर ही निराळी संस्था. शहर वाढत वाढत कौंटीची रेषा ओलांडूं शकतें. परंतु शहर वाढलें म्हणून कौंटीची रेषा हलत नाहीं.

अटलांटा जेथें वसलें, तो मुलूख १८२२ सालीं स्थापन झालेल्या डीकॅल्ब कौंटींत होता. तिचें ठाणें डिकेटर. १८३७ सालीं आगगाडीच्या रस्त्याचें टोंक म्हणून जी वस्ती उठली, तिला टर्मिनस म्हणत. १८४३ सालीं तिचें मार्थासव्हिल झालें, दोनच वर्षांनीं अटलांटा झालें, आणि १८४७ सालीं तिला शहराची सनद मिळाली. १८५३ च्या डिसेंबरांत डीकॅल्बचा पश्चिम भाग तोडून फुल्टन ही नवी कौंटी केली, आणि अटलांटा तिचें ठाणें झालें. म्हणजे १८५३ पूर्वींच्या अटलांटेकराचे कागद पाहावयाचे तर डिकेटरास जावें लागतें. तेथेंही दैवानें एक घाव घातलेला आहे. १८४२ सालीं डिकेटरचें कोर्ट जळालें आणि पहिल्या वीस वर्षांच्या बहुतेक नोंदी त्यांत गेल्या. विशेष हें कीं, १८६४ सालीं युद्धांत अटलांटा पेटविलें गेलें, तेव्हां तेथील कोर्टाची इमारत मात्र वांचली. कागदांच्या नाशाचा सर्व दोष सेनापतींवर घालण्याची आपली संवय अशा वेळीं खोटी ठरते.

पुढें शहर पूर्वेस सरकूं लागलें. १९०९ सालीं एजवुड आणि १९२२ सालीं कर्कवुड हीं डीकॅल्बमधील उपनगरें अटलांट्यांत आलीं. तीं शहरांत आलीं, पण कौंटीनें डीकॅल्बमध्येंच राहिलीं. मोरलंड नांवाच्या रस्त्याचा बराच भाग दोन कौंट्यांची शीव आहे. समोरासमोरचे दोन शेजारी एकाच शहराला कर देतात, आणि घरांत तंटा झाला तर दोन भिन्न कोर्टांच्या पायऱ्या चढतात. हें सरकणें अद्याप थांबलेलें नाहीं. २०१८ च्या आरंभीं एमरी विद्यापीठाचा डीकॅल्बमधील परिसर शहरांत घेण्यांत आला. उलट १९३२ सालीं कँबेल आणि मिल्टन ह्या दोन शेजारच्या कौंट्या फुल्टनमध्यें विलीन झाल्या. त्यामुळें तेथील जुन्या कुटुंबांचा माग काढणाऱ्यास नाहींशा झालेल्या कौंट्यांचीं नांवेंही ठाऊक असावीं लागतात.

आतां कायदा पाहूं. जॉर्जियांत घटस्फोटाचे दावे सुपीरिअर कोर्टांत चालतात. विवाहाचे परवाने आणि मृत्युपत्रें प्रोबेट कोर्टाकडे असतात, त्याला पूर्वीं ऑर्डिनरीचें कोर्ट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तर कोर्टाच्या निर्णयावर विधिमंडळाची संमतिही लागे. म्हणून त्या काळचे घटस्फोट कायद्यांच्या पुस्तकांत शोधावे लागतात. १८७७ च्या राज्यघटनेनें दोन नियम घालून दिले. एक, दावा प्रतिवादी ज्या कौंटींत राहतो तेथें चालावा. दुसरा, कोर्टाच्या दोन निरनिराळ्या सत्रांत दोन ज्यूरींनीं एकच निर्णय दिल्याशिवाय पूर्ण घटस्फोट मिळूं नये. पहिल्या नियमामुळें स्थळ चुकतें, दुसऱ्यामुळें काळ चुकतो. दावा एका वर्षाचा आणि निवाडा दुसऱ्या वर्षाचा असूं शकतो. म्हणून वादीची सूची, प्रतिवादीची सूची आणि कोर्टाच्या कामकाजाच्या वह्या हीं तिन्ही पाहावीं लागतात.

येथेंच आमच्या शोधाची गांठ सुटली. पणजी माहेरीं, फुल्टनच्या बाजूस, राहत होती, एवढें घराण्यांत ठाऊक होतें. म्हणून सर्वांनीं फुल्टनमध्यें शोधलें. पण ती वादी असेल तर तिच्या पत्त्याला किंमत नाहीं. पतीचा पत्ता पाहिजे. दरवर्षीं छापल्या जाणाऱ्या शहराच्या पत्तेपुस्तकांत पतीचें घर निघालें तें कर्कवुडांत. पुस्तकावर नांव अटलांट्याचें, घर डीकॅल्बचें! डिकेटरच्या प्रतिवादी-सूचींत त्याचें नांव पहिल्याच दिवशीं मिळालें. दावा १९२४ चा, दुसऱ्या ज्यूरीचा निर्णय १९२५ चा. दावा पत्नीनें लाविला होता, कारण छळाचें दिलें होतें, आणि दोन्ही ज्यूरींनीं तिचें म्हणणें मान्य केलें होतें. तिनें घर सोडलें होतें हें खरेंच. कां सोडलें, एवढेंच घराण्याच्या त्या एका वाक्यांतून गळलें होतें. तिचा मुलगा बापाकडे कसा राहिला, ह्याचा खुलासा त्या कागदांत नाहीं, आणि तो आपण कल्पनेनें भरूं नये.

तथापि हा आनंद सर्वांच्या वांट्यास येत नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. ह्याच दोन ठाण्यांच्या दप्तरांत गुलामगिरीच्या काळच्या हजारों कुटुंबांची नोंद कुटुंब म्हणून नाहींच. गुलामांच्या विवाहास कायदा ओळखत नव्हता. त्यांचीं नांवें मिळालींच तर मालकाच्या मृत्युपत्रांत अगर मालमत्तेच्या यादींत, घोडे आणि नांगर ह्यांच्या शेजारीं, किंमतीसह मिळतात. १८६६ सालीं जॉर्जियानें कायदा करून पतिपत्नी म्हणून राहणाऱ्या मुक्त झालेल्या लोकांचे संबंध विवाह म्हणून मान्य केले. पण त्यानंतरही त्यांच्या विवाहांच्या वह्या कित्येक कौंट्यांत वेगळ्या ठेवीत. जो वंशज ह्या वह्या उघडतो, त्याला कौंटीच्या रेषेहून अधिक खोल रेषा ओलांडावी लागते.

विवाह व घटस्फोट ह्यांची नोंद सबंध संस्थानापुरती एके ठिकाणीं होऊं लागली ती १९५२ पासून. तीवरून कौंटी कळते. मूळ निवाडा अद्यापि त्या त्या कौंटीच्या सुपीरिअर कोर्टाच्या कारकुनाकडेच मागावा लागतो. म्हणून अशा शहरांत शोध करणाऱ्यानें प्रथम साल ठरवावें, मग त्या सालीं ती जागा कोणत्या कौंटींत होती तें पाहावें, मग कायद्यानें दावा कोणाच्या पत्त्यावर चालत असे तें पाहावें, आणि शेवटीं सूची उघडावी. पुष्कळ लोक हा क्रम उलटा धरतात आणि निराश होऊन परततात.

माझ्या विद्यार्थिनीनें त्या निवाड्याची प्रमाणित प्रत घेतली आहे. तिच्या पत्राच्या शेवटीं एवढेंच होतें कीं, आतां मुलांना पणजीआजीविषयीं सांगतांना ते जुनें वाक्य घरांत कोणी वापरीत नाहीं. ऐंशी-नव्वद वर्षें एका बाईवर अन्याय होत राहिला, तो कोणी दुष्टपणानें केला नव्हता. रस्त्याच्या पलीकडे दुसरें दप्तर आहे, हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें, इतकेंच.