एक रस्ता, दोन नावं

दोस्तांनो, रस्त्याचं नाव ही साधी गोष्ट आहे असं आपल्याला शिकवलेलं असतं. पोस्टमनला पत्ता कळावा, पाहुण्याला घर सापडावं, एवढ्यासाठी नाव. नाव बदलतानाही हेच कारण पुढं येतं. नवख्या माणसाचा घोटाळा होतो, म्हणून दोन नावांचं एक करू. कारण खोटं नाही. पण हा घोटाळा मुळात घातला कोणी, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला आपण अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जाऊ. हे मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाव. १९२९ साली ते तिथं ऑबर्न ॲव्हेन्यूवर जन्मले.

अटलांटात नवखा माणूस हमखास चुकतो. एक तर 'पीचट्री' नाव लावणारे रस्ते सत्तरच्या वर. ती हौस म्हणून सोडून देऊ. पण तिथं पॉन्स द लिऑन ॲव्हेन्यू नावाचा एक मोठा आडवा रस्ता आहे. दक्षिणेकडून बुलेव्हार्ड सरळ येतो, तो आडवा रस्ता ओलांडतो आणि पलीकडं मन्रो ड्राइव्ह होतो. मोरलँड ॲव्हेन्यू येतो, तो ओलांडून ब्रायरक्लिफ रोड होतो. पार्कवे ड्राइव्हचा चार्ल्स ॲलन ड्राइव्ह होतो. रस्ता तोच, डांबर तेच. नाव तेवढं दुसरं.

असं का? त्या शहरात सांगितलं जाणारं कारण सरळ आहे. उत्तरेकडच्या गोऱ्यांना दक्षिणेकडच्या काळ्यांच्या पत्त्यात आपला पत्ता नको होता. रस्ता तोडता येत नाही, म्हणून नाव तोडलं. आपल्याकडं गावाला वेस असते. त्यांच्याकडं वेस पाटीवर लिहिली, एवढाच फरक.

कायद्यानं हे करून बघितलेलंच होतं. १९१३ साली अटलांटानं कोणत्या गल्लीत काळ्यांनी राहायचं आणि कोणत्या गल्लीत गोऱ्यांनी, याचा नियम केला. १९१५ साली जॉर्जियाच्या वरच्या कोर्टानं तो मोडला. १९२२ साली नगररचनेच्या नावाखाली शहराच्या नकाशावर पुन्हा वर्णाचे पट्टे आखले. १९२४ साली तेही कोर्टात पडले. कायदा पडला, पण माणसाच्या डोक्यातली रेघ पडली नाही. कोर्टात मोडेल अशी गोष्ट कशाला करा? पाटी बदला. पाटीवर 'काळ्यांना मनाई' असं कुठं लिहिलेलं असतं? तरी ज्याला कळायचं त्याला कळतं.

पाटी पुरली नाही तिथं भिंत आली. डिसेंबर १९६२ मध्ये एक काळा डॉक्टर पेटन फॉरेस्ट या गोऱ्या वस्तीत घर घ्यायला निघाला. महापौर आयव्हन ॲलन यांनी पेटन रोड आणि हारलन रोड हे दोन रस्ते अडसर घालून बंद केले. सरकारी रस्ता, सरकारी पैशानं बंद! आणि हे शहर स्वतःविषयी काय सांगायचं, तर आम्हाला द्वेष करायला फुरसत नाही. लोकांनी त्या अडसराला अटलांटाची बर्लिन भिंत म्हटलं. १ मार्च १९६३ रोजी कोर्टानं हुकूम दिला, तेव्हा ती निघाली.

मग पुढं नावंही बदलली, पण या वेळी बदलणारे हात वेगळे होते. १९७६ साली हंटर स्ट्रीट, मोझ्ली ड्राइव्ह आणि गॉर्डन रोड ही तीन नावं जाऊन सलग एक नाव आलं, मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर ड्राइव्ह. हंटर स्ट्रीटवरच्या पास्कल बंधूंच्या हॉटेलात बसून चळवळीच्या लोकांनी बेत आखले होते, त्यामुळं हे नाव आकाशातून पडलेलं नाही. २०१८ साली कॉन्फेडरेट ॲव्हेन्यू गेला. गुलामगिरीसाठी लढलेल्यांचं ते नाव. त्या जागी युनायटेड ॲव्हेन्यू आला. नवख्याची सोय म्हणून हे झालं नाही. तिथं रोज चालणाऱ्या माणसाच्या पायाला ते नाव बोचत होतं, म्हणून झालं.

आता आपल्याकडं बघा. किंग १९५९ साली भारतात आले. केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली गेली. आधी त्यांना धक्का बसला, मग पटलं. हे त्यांनीच १९६५ साली सांगितलं. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, तेही तिथूनच. म्हणून अटलांटाची पाटी आपल्याला वाचता येते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातीची नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत. चांगलं झालं. अर्जावर पत्ता लिहिला की जात बाहेर पडते, हे ज्यानं भोगलंय त्याला यातली सुटका कळते. नावासाठी आपण काय मोजलंय तेही विसरू नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ चा, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळाली, माणसं मेली. नाव ही साधी गोष्ट असती तर हे झालं असतं का?

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाटी बदलली म्हणून वेस पडत नाही. समतानगरला पाणी शेवटी येत असेल आणि मसणवटा वेगळाच असेल, तर ते नाव सरकारनं आपल्याला दिलेलं वचन आहे. ते वचन पाटीवर लिहून घेतलंय, आता वसूल करायचं.

दुसरी गोष्ट, नाव पुसताना कारण पुसू देऊ नका. अटलांटानं उद्या बुलेव्हार्ड आणि मन्रो ड्राइव्ह एक केले तर नवख्याची सोय होईल, पण एका शहरानं रस्ता कसा वाटून घेतला त्याचा उघड्यावरचा पुरावाही जाईल. पाटी एक करायची असेल तर ती दोन का होती, हे तिथंच लिहिलं पाहिजे. आपलंही तेच. वस्तीचं जुनं नाव काय होतं, ते कोणी दिलं, कोणत्या साली गेलं, त्यासाठी कोण पुढं झालं, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. सरकारी दप्तरात नवं नाव राहील. जुन्या नावाचा हिशेब आपल्याकडं राहिला पाहिजे.

जयभीम.