'जाऊन राहिले' म्हणजे गेले, थांबले की निघाले? वऱ्हाडीतला चालू वर्तमानकाळ समजून घ्या

"आबा दवाखान्यात जाऊन राहिले." मोर्शीहून असा मेसेज आला, तर पुण्यातल्या माणसाला वाटेल की आबांना ॲडमिट केलंय. मोर्शीच्या माणसाला मात्र लगेच कळेल, की आबा आत्ता दवाखान्यात निघालेत. शब्द तेच, मग अर्थ वेगळा का?

चालू वर्तमानकाळ म्हणजे काय?
क्रिया सुरू आहे, अजून संपलेली नाही, हे सांगणारा काळ. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. प्रमाण मराठीत 'मी संत्री तोडत आहे' किंवा बोलताना 'तोडतोय'. 'मी संत्री तोडतो' हा साधा वर्तमानकाळ. त्यातून रोजचं काम कळतं. या क्षणी तो माणूस बागेत असेलच असं नाही.

वऱ्हाडीत काय होतं?
अमरावती, अकोल्याकडे हेच काम 'राहणे' हे क्रियापद करतं. 'मी संत्रे तोडून राहिलो', 'माय सैपाक करून राहिली', 'नळाले पाणी येऊन राहिलं'. 'राहिलो' दिसतं भूतकाळाचं, पण सांगतं आत्ताचं.

ही रचना नियमाने चालते:
- नकार: 'तो ऐकून नाही राहिला' म्हणजे ऐकत नाहीये.
- भूतकाळ: 'करून राहिलो होतो' म्हणजे करत होतो.
- ठरलेला बेत: 'उद्या येऊन राहिलो' म्हणजे उद्या येतोय.

क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे बदलतं. 'तिनं संत्रे तोडले', पण 'ती संत्रे तोडून राहिली'.

हिंदीशी नातं काय?
हिंदीतल्या 'कर रहा हूँ' मध्येही 'रहना'चं भूतकाळी रूपच चालू क्रिया दाखवतं. हे साम्य नवल वाटण्यासारखं नाही. मोर्शीपासून मध्य प्रदेशची सीमा जवळ आहे. शिवाय 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि 1956 पर्यंत हा भाग हिंदी भाषक जिल्ह्यांसोबतच होता.

मग हे चुकीचं मराठी आहे का?
नाही. मीम्समध्ये 'काय करून राहिला बे?' हसण्यासाठी वापरलं जातं. पण ज्या बोलीत नकार, भूतकाळ, लिंग, वचन सगळं ठरलेल्या नियमाने बदलतं, तिला अशुद्ध म्हणता येत नाही. ते वेगळं व्याकरण आहे. परीक्षेच्या पेपरात प्रमाण रूप लिहावं लागतं, हे मुलांना सांगायलाच हवं. पण त्यासाठी त्यांची घरातली भाषा चुकीची ठरवायची गरज नाही.

अडचण येते ती वाचणारा दुसऱ्या भागातला असला की. अशा वेळी, विशेषतः दवाखाना किंवा प्रवासाच्या मेसेजमध्ये, एक शब्द जास्त टाकलेला बरा: "आबा आत्ता दवाखान्यात जाऊन राहिले." मग पुण्यातही कोणी घाबरणार नाही.