परळची रेडियमची सुई

रिक्षामागे चकाकणारी अक्षरं चिकटवून देणाऱ्या ‘रेडियमवाल्या’कडे रेडियमचा कणही नसतो. खरं रेडियम परळच्या टाटा हॉस्पिटलात होतं, आणि तेही सुईच्या पोटात.

या सुईची कुळकथा पॅरिसात सुरू होते. युरेनियमचे क्षार आपणहून किरण सोडतात हे हेन्री बेकरेलला १८९६ मध्ये कळलं. दोनच वर्षांनी मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. त्याची कुपी खिशात घेऊन फिरल्याने बेकरेलची कातडी भाजली. पिएरने तर १९०१ मध्ये मुद्दाम आपल्या हातावर रेडियम ठेवून पाहिलं. जखम झालीच. चांगली कातडी जळते, तर गाठही जळेल, असं म्हणून डॉक्टर मंडळी लगेच कामाला लागली.

अडचण अशी की रेडियम आणि त्याच्या विघटनातून होणारी पिल्लावळ तिन्ही प्रकारचे किरण सोडते. अल्फा कण जड, साध्या कागदानेही अडतात. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. काही मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम पुरतं. गॅमाला मात्र जाड शिसं लागतं. वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवणं हा तिघांचाही धर्म. अल्फा-बीटा अंगाला थेट लागले तर जवळची कातडी नाहक जळणार. म्हणून रेडियम अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनमच्या सुईत कोंडलं. अल्फा आतच संपले, बीटा बहुतेक अडले, गॅमा तेवढे बाहेर आले. सुईच्या नेढ्यात दोरा ओवलेला असे. गाठीत सुया टोचायच्या, ठरलेले दिवस ठेवायच्या, मग दोरा ओढून काढायच्या आणि मोजून परत पेटीत. या सगळ्यात डॉक्टर-नर्सच्या बोटांना किरणांचा प्रसाद मिळे तो वेगळाच.

परळच्या हॉस्पिटलाची गोष्ट मात्र एका आजारापासून सुरू होते. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परदेशातले उपचार हिंदुस्थानात हवेत, ही त्यांचे पती दोराबजी टाटा यांची इच्छा. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गिरणगावात हॉस्पिटल उघडलं. मेहेरबाईंच्या आजारावर खरं तर या सुईचा काही उपयोग नव्हता. १९६२ मध्ये हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे गेलं. अणुभट्टी आणि कॅन्सरवॉर्ड एकाच खात्यात कसे, असं विचारणारे अजून भेटतात. पण सुईचे वारसदार अणुभट्टीतूनच यायचे होते.

रेडियमला निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. ज्ञानेश्वरांच्या काळी अशी सुई भरली असती, तर आजही तिच्यात सत्तर टक्क्यांहून जास्त रेडियम उरलं असतं. औषधाला ही चिरंजीविता नडते. सुईला चीर गेली की रेडियमच्या पिल्लावळीतला रेडॉन वायू बाहेर, आणि फेकावी म्हटलं तर कुठे? तुर्भ्याला १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि देशातच समस्थानिकं बनू लागली. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मं होतं, इरिडियम-१९२ तर ७४ दिवसांत. आता पेशंटच्या अंगात आधी रिकामी नळी बसवतात. सगळे खोलीबाहेर गेल्यावर यंत्र इरिडियमचा दाणा आत ढकलतं आणि वेळ भरली की ओढून घेतं. नर्सची बोटं वाचली.

परळलाच १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. तिथल्या आयोडिन-१३१ ला सुईही लागत नाही. ते पोटात घ्यायचं. थायरॉइड ते स्वतःच ओढून घेते. त्यातला बीटा एक-दोन मिलिमीटरच्या आत काम उरकतो. गॅमा अंगाबाहेर येतो, म्हणून कॅमेऱ्याला गाठ दिसते आणि पेशंटला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं.

हे वेगळं राहणं मात्र सगळ्यांना नाही. यंत्राने बाहेरून दिलेला ‘लाइट’, म्हणजे किरणोपचार, घेऊन आलेला माणूस किरण घेऊन फिरत नसतो. त्याचं ताट वेगळं मांडू नका, नातवंडांना त्याच्यापासून लांब ठेवू नका. आयोडिन घेतलेल्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर पाळावं, एवढंच.