मानेवर तोललेले दैत्य

पिंपरीत ‘साचा’ म्हटले की डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. जव्हार-मोखाड्यात साचा मातीचा असतो आणि त्यावरून देवादैत्यांचे चेहरे उतरतात. होळीनंतर वैशाखापर्यंत तेथील गावांत बोहाडा रंगतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर एकेक सोंग येते. आरंभी गणपती, मग सरस्वती, पुढे रावण, नरसिंह असे करीत अखेरीस महिषासुर व जगदंबा. वारली, कोकणा, महादेव कोळी अशा अनेक जमातींचा हा उत्सव. सोंगांचे मान बहुधा घराण्यांत चालत आलेले.

बोहाड्याविषयी लिहिताना कथा, विधी, रंग यांची चर्चा होते. मुखवटा अंगावर वागवायचा कसा, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, ही आमची तक्रार आहे. कोकणातल्या दशावतारात गणपती मुखवटा लावतो; आख्यानातले राजे-राक्षस रंगवलेल्या चेहऱ्यानेच वावरतात, कारण त्यांना बोलायचे असते. बोहाड्याचे सोंग मुख्यतः नाचते. म्हणून तेथे चेहरा हवा तेवढा वाढवता आला. रावणाची डोकी दोन्ही बाजूंना पसरून खांद्यांपलीकडे जातात. नाचणारा गर्रकन वळला की कडेची डोकी मागे ओढ घेतात, आणि तो ताण सोसते ती एकटी मान.

जुने मुखवटे लाकडी. आतून कितीही कोरले तरी वजन उरतेच. कागदाचा मुखवटा वेगळ्या वाटेने पोकळ होतो. मातीच्या घाटावर खळीने कागदाचे थर चढवायचे, वाळल्यावर माती काढून घ्यायची. मागे उरते ते हलके कवच. लाकूड गेले म्हणून हळहळणारे रसिक मुखवटा भिंतीवर पाहतात, असे आमचे नम्र मत आहे. नाचणाऱ्याला विचारले तर तो कागदच मागेल.

भारतात २०११ साली दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झाले. अशा मेळ्यांसाठी फोम तापवून शिंगे नि कवचे घडवणाऱ्या तरुणांपुढेही हाच हिशेब असतो: भार कोठे टेकवायचा, श्वास कोठून घ्यायचा. त्यांनी एकदा जव्हारला जावे.

दिवाणखान्यासाठी केलेल्या मुखवट्याला आरपार भोके नसली तरी चालते. बोहाड्याच्या शेवटच्या रात्री महिषासुराला जगदंबेशी झुंजायचे असते, आणि दोघांनाही समोरचे दिसावे लागते.