कोरपन्याचा मतदार आणि सरहद्दीची रेघ

राजकीय इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे ह्यांकडेच आपले लक्ष जाते. गाव जागचे हलत नाही, आणि तरीही त्याचे राज्य, जिल्हा व प्रतिनिधी बदलत राहतात. असला इतिहास वाचकांस पाहावयाचा असेल, तर त्यांनी चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या कोरपन्यास जावे.

पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख जुन्या राजुरा तालुक्यातला, म्हणून निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला. नदीपलीकडचे वणी वऱ्हाडात, म्हणजे 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. दोन्ही तीरांवर मराठी, गोंडी आणि कोलामी बोलणारी तीच माणसे. कचेऱ्या मात्र निराळ्या.

1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आले. 1952 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक येथील मतदाराने हैदराबाद राज्याचा रहिवासी म्हणूनच पाहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते राज्य मोडले. राजुरा मुंबई राज्यात येऊन दूरच्या नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. 1959 मध्ये तो चांदा जिल्ह्यात आला, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांत एवढी स्थित्यंतरे झाली. शेताचा बांध होता तेथेच राहिला.

आज कोरपना राजुरा विधानसभा क्षेत्रात, आणि त्यायोगे चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडतो. 2008 च्या पुनर्रचनेनुसार यवतमाळ जिल्ह्यातील वणी व आर्णी ही क्षेत्रेही ह्याच मतदारसंघात आहेत. जी नदी जवळजवळ शतकभर दोन सत्तांची सीमा होती, तिच्या दोन्ही काठांचा खासदार आज एकच आहे. इतिहासाने आपली चूक आपणच सुधारली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु शेजारच्या जिवती तालुक्यात तो मोह ओसरतो. तेथील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगत आले. दोन शिधापत्रिका, दोन राज्यांच्या शाळा, दोन मतदारयाद्यांत नावे! 2024 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला, तर आदिलाबादचे 13 मेला झाले. दुरून पाहणाऱ्यास हे भाग्य वाटेल. पण ज्या जमिनीवर पिढी राबली तिचा पट्टा मागावयास गेले, की दोन सरकारांपैकी नेमके कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न उरतोच.

प्रतिनिधित्व मतांच्या संख्येने मोजावयाचे नसते. ज्यास जाब विचारता येईल असा एक प्रतिनिधी असणे, हे दोन मते असण्याहून मोठे होय. पुढे पुन्हा रेघा आखल्या जातील, तेव्हा आखणाऱ्यांनी लोकसंख्येच्या कोष्टकाबरोबर ही चौदा गावेही डोळ्यांपुढे ठेवावीत.