२४ एप्रिल : राजा परांजपे यांचा जन्मदिन

दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते राजा परांजपे यांचा जन्म मिरजेत, २४ एप्रिल १९१०चा. भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या या माणसाने मराठी विनोदी चित्रपटाला तिरकस डोळा दिला.

१९५२ साली आलेला त्यांचा ‘लाखाची गोष्ट’ आठवा. खिसा रिकामा असलेल्या तरुणांपुढे अडचण कोणती, तर ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उडवायचे कसे! ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या अमेरिकन कादंबरीतही अशीच अट आहे. पण इथली चणचण, इथला भिडस्तपणा अस्सल मराठी मध्यमवर्गाचा. पडद्यावर राजा गोसावी आणि चक्क गीतकार ग. दि. माडगूळकर. गोसावी खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे, गदिमा आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे. म्हणजे हा हशा निम्मा तरी सातारा-सांगलीच्या मातीतलाच. संगीत सुधीर फडक्यांचे. त्याच वर्षीच्या ‘पेडगावचे शहाणे’मध्ये वेडा कोण आणि शहाणा कोण, हा प्रश्न परांजप्यांनी स्वतः भूमिका करून मांडला. आमच्या मते त्यांचा हाच चित्रपट सर्वांत धीट.

पुढे ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ या चित्रपटांत त्यांनी प्रेक्षकांना रडवलेही. ‘हा माझा मार्ग एकला’मधून छोट्या सचिन पिळगावकरला पडद्यावर आणले. त्यांच्या १९६४च्या रहस्यमय ‘पाठलाग’वरून राज खोसला यांनी १९६६ साली ‘मेरा साया’ काढला. परांजपे यांचे निधन ९ फेब्रुवारी १९७९ रोजी झाले.